ठोका चुकतो, तेव्हा तालुक्यात काय मिळते?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र

महोदय,


२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरवून दिल्याप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. त्या दिवसांत सरकार सिव्हिल लाइन्समध्ये मुक्कामाला येते आणि विदर्भातून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर, टेकडी रोडवर येऊन थांबतात. कापूस, सोयाबीन, संत्रा, सिंचनाचा अनुशेष, अशा मागण्यांचे फलक तिथे दिसतात. हे पत्र ज्यांच्यासाठी आहे, ते रुग्ण असा मोर्चा काढू शकत नाहीत. चार पावले भरभर चालले तरी त्यांना दम लागतो. आपल्याला नेमके काय झाले आहे हेही त्यांतल्या पुष्कळांना कोणी नीट सांगितलेले नसते.

आजाराचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. दवाखान्यात सगळे त्याला ‘एएफ’ म्हणतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत विजेचा संकेत एका ठरलेल्या वाटेने जायला हवा. या आजारात तिथे मिनिटाला साडेतीनशेहून अधिक विस्कळीत संकेत फिरू लागतात. वरचे कप्पे मग नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. त्या गोंधळातून जेवढे संकेत खाली पोचतात तेवढे ठोके पडतात, तेही कसेही. मनगटावर बोटे ठेवली तर नाडीला ठेकाच सापडत नाही. कोणाची छाती धडधडते, कोणाला जिना चढताना धाप लागते, कोणाला गरगरते, आणि बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही. दीर्घकाळ उपचार लागणाऱ्या ठोक्यांच्या तक्रारींत जगभर सर्वांत जास्त आढळणारी तक्रार हीच.

यातला खरा घात रक्ताची गुठळी करते. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी जोडलेली असते. कप्पा थरथरत राहिला की तिच्यात रक्त रेंगाळते आणि गोठते. ती गुठळी सुटून मेंदूकडे गेली की लकवा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांचा अनेक दशके पाठपुरावा झाला. तिथे दिसले, की एएफमुळे लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. आणि ज्यांची हृदयाची झडप लहानपणीच्या सांधेतापाने (ऱ्हुमॅटिक तापाने) आधीच आवळलेली आहे, त्यांच्यात तो सुमारे सतरापट होतो. हा दुसरा आकडा महाराष्ट्राने लक्षात ठेवावा असा आहे. त्याचे कारण पुढे येते.

लकवा म्हणजे विदर्भात काय, हे गडचिरोलीने मोजून दाखवले आहे. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि ‘सर्च’ संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात जिल्ह्यातल्या ८६ गावांमधल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झालेले निघाले, म्हणजे १४.३ टक्के. दुसऱ्या कुठल्याही एका कारणाने इतके लोक दगावले नव्हते. त्यातले ८७ टक्के मृत्यू घरी झाले. या सगळ्यांना एएफ होता असे कोणी म्हणत नाही. रक्तदाब हे लकव्याचे फार मोठे कारण आहे. पण एएफमुळे होणारा लकवा जास्त जबर असतो, आणि एएफ आधी सापडला व रोजची गोळी नीट चालली तर त्यातला बराचसा टळतो.

आता उपचारांकडे. एएफच्या रुग्णापुढे तीन वेगळे प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. गुठळी होऊ नये म्हणून काय करायचे? ठोक्यांचा वेग कसा आवरायचा? आणि बिघडलेला ठेका मुळात परत आणायचा की आहे तसा राहू द्यायचा? नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या दवाखान्यांत तिसऱ्या प्रश्नाचे आधुनिक उत्तर मिळते, त्याच्या जाहिरातीही होतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिळे आहे, स्वस्त आहे, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. जीव मात्र सर्वांत जास्त तेच वाचवते.

‘ॲफर्म’ नावाची मोठी चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. ४,०६० रुग्णांपैकी काहींचा ठेका औषधांनी सुधारायचा प्रयत्न झाला, बाकीच्यांचा फक्त वेग आवरला. पाच वर्षांत दोन्ही गटांतल्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण त्या निबंधातली आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. दोन्ही गटांत ज्यांना लकवा झाला, त्यांतल्या बहुतेकांची वॉरफरिनची गोळी एकतर बंद झाली होती, किंवा रक्त पुरेसे पातळ नव्हते. ठेका कोणाचा कसा चालला होता, यापेक्षा गोळी चालू होती की नाही, यावर लकवा ठरला.

वॉरफरिनचा जन्म विचित्र आहे. विस्कॉन्सिनमध्ये सडलेले क्लोव्हरचे गवत खाऊन गाई रक्तस्रावाने मरू लागल्या. त्या गवतातले रसायन शोधताना हे औषध हाती आले. १९४८ पासून ते उंदीर मारायला विकले गेले आणि १९५४ पासून माणसांना दिले जाऊ लागले. भारतात त्याचे सख्खे भावंड असलेली असिनोकुमॅरॉल ही गोळी जास्त चालते. केमिस्टकडे ती ‘असिट्रॉम’ म्हणून मागितली जाते. अशा गोळ्यांनी एएफमधला लकव्याचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होतो. ॲस्पिरिनने जेमतेम पाचवा हिस्सा. तरीही कित्येक रुग्ण एएफसाठी केवळ ॲस्पिरिनवर ठेवलेले आढळतात. रक्त पातळ करायची एक गोळी चालू आहे, एवढ्यावर घरचेही निश्चिंत असतात. २०११ च्या ‘ॲव्हेरोज’ चाचणीने यावर पडदा पाडायला हवा होता. वॉरफरिन देणे शक्य नाही असे मानलेल्या ५,५९९ रुग्णांत ॲस्पिरिनऐवजी ॲपिक्साबॅन ही नवी गोळी दिल्यावर गुठळीचे आघात वर्षाला ३.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, आणि मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले.

ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन, एडॉक्साबॅन या नव्या गोळ्या २००९ ते २०१३ या काळातल्या चार मोठ्या चाचण्यांनी पुढे आणल्या. चारही मिळून सत्तर हजारांवर रुग्ण. वॉरफरिनच्या तुलनेत लकवा साधारण पाचव्या हिश्शाने कमी, आणि मेंदूतला रक्तस्राव जवळजवळ निम्मा. शिवाय सारखे रक्त तपासायची गरज नाही, पालेभाजीचे पथ्य नाही. किडनीची तपासणी अधूनमधून करावी लागते, एवढेच. पेटंटची मुदत संपल्यावर भारतीय कंपन्यांनी या गोळ्या बनवल्या आणि किमती पुष्कळ उतरल्या. केंद्राच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत डॅबिगॅट्रॅन आले. म्हणजे प्रश्न सुटला, असे मुंबईत बसून वाटू शकते.

विदर्भात तो सुटत नाही. कारण आपला रुग्ण त्या चाचण्यांतला रुग्ण नाही.

इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने जुलै २०११ ते ऑगस्ट २०१२ या काळात देशातल्या २४ केंद्रांवरून १,५३७ एएफ रुग्णांची नोंद केली. मुंबईचे डॉ. अमित व्होरा या कामात आघाडीवर होते. त्या रुग्णांचे सरासरी वय निघाले ५४.७ वर्षे. ‘ॲफर्म’मधल्या अमेरिकी रुग्णांचे वय सत्तरीला टेकलेले होते. त्याहून मोठा फरक पुढचा : भारतातल्या या रुग्णांपैकी ४७.६ टक्क्यांना सांधेतापाने बिघडलेल्या झडपेचा आजार होता. युरोप-अमेरिकेत हा आजार जवळपास संपला. तिथला एएफ म्हातारपणाचा, रक्तदाबाचा, लठ्ठपणाचा. आपल्याकडे त्या एएफच्या जोडीला हा दुसरा एएफ आहे, आणि तो गर्दीच्या, ओलीच्या घरांत वाढलेल्या मुलांच्या घशातून सुरू होतो. घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, बरे वाटते, सगळे विसरतात. झडप मात्र वर्षानुवर्षे जाड होत, आवळत जाते. तिशी-चाळिशीत, बाईच्या बाबतीत अनेकदा बाळंतपणाच्या आसपास, धाप लागते आणि मग ईसीजीच्या पट्टीवर एएफ दिसतो.

या रुग्णांना नवी गोळी द्यावी का, हा प्रश्न अनेक वर्षे मोकळा होता, कारण नव्या गोळ्यांच्या चाचण्यांत आवळलेल्या झडपेचे रुग्ण मुद्दाम वगळले गेले होते. उत्तर २०२२ साली मिळाले. ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत २४ देशांतले साडेचार हजारांवर ऱ्हुमॅटिक एएफ रुग्ण होते, आणि तिच्या प्रमुख संशोधकांत दिल्लीच्या ‘एम्स’चे डॉ. गणेशन कार्तिकेयन होते. रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीचे, जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रिया. अर्ध्यांना रिव्हरॉक्साबॅन, अर्ध्यांना वॉरफरिनच्या जातीची जुनी गोळी. बहुतेकांची अपेक्षा होती की नवी गोळी निदान बरोबरीत राहील. झाले उलटे. रिव्हरॉक्साबॅन घेणाऱ्या २,२७५ जणांपैकी ५५२ दगावले. जुनी गोळी घेणाऱ्या २,२५६ जणांपैकी ४४२. मोठ्या रक्तस्रावात विशेष फरक नाही. आणि जुन्या गोळीचा हा विजय रक्ताच्या पातळपणाची पातळी फार उत्तम सांभाळली गेली म्हणूनही नव्हता; पाठपुराव्याच्या काळात ती पातळी योग्य पल्ल्यात असण्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपासच होते.

महोदय, या पत्राचा गाभा हा आहे. ज्या रुग्णाला सर्वांत जास्त धोका आहे, जी बहुधा तरुण आहे, गरीब आहे, शेतात किंवा दुसऱ्याच्या घरी राबते आहे, तिच्यासाठी सर्वांत चांगले औषध जुनेच आहे. आणि ते औषध एकट्या गोळीने चालत नाही. त्याला पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी लागते, महिन्यातून निदान एकदा, सुरुवातीला तर आठवड्याला. आकडा २ ते ३ च्या मधे हवा. दोनच्या खाली गेला की गुठळीची भीती, फार वर गेला की रक्तस्रावाची. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या रुग्णांनाही जुनीच गोळी आणि हीच तपासणी लागते. त्यांच्यात डॅबिगॅट्रॅनची चाचणी २०१२ साली नुकसान दिसू लागल्यामुळे मधेच थांबवावी लागली होती.

समजा, भामरागडच्या आतल्या एखाद्या गावातली पस्तिशीची बाई ही गोळी घेते आहे. पावसाळ्यात अंबाडी, तरोटा, चवळी अशा पालेभाज्या रोजच्या ताटात येतात. त्यांतले ‘के’ जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करते. उन्हाळ्यात भाजी आटते, तोच डोस जास्त पडतो. मधेच जुलाब होतात, कोणीतरी मेट्रोनिडॅझोल देते; आयएनआर एकदम चढतो. पाठ दुखते, डायक्लोफिनॅक घेतली जाते. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. घरात कोणाला क्षयरोग निघतो, तो तिलाही होतो, रिफॅम्पिसिन सुरू होते आणि गोळीचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. यातली प्रत्येक गोष्ट रोजच्या व्यवहारातली आहे आणि प्रत्येक वेळी रक्त तपासून डोस बदलणे हा साधा उपाय आहे. त्या तपासणीसाठी अनेकांना जिल्ह्याच्या गावी किंवा थेट नागपूरला, शासकीय मेडिकल कॉलेजात (‘मेडिकल’मध्ये) नाहीतर सुपर स्पेशालिटी रुग्णालयात (‘सुपर’मध्ये) यावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची वेगळी. एसटीचे भाडे, नंबर लागेपर्यंतचा वेळ, आणि रिपोर्ट हातात येईस्तोवर परतीची गाडी निघून गेलेली. दोन-तीन खेपा होतात. मग ती तपासणी सोडते आणि गोळी अंदाजाने चालू ठेवते, किंवा गोळीच सोडते.

एक बाब तर तातडीची आहे. वॉरफरिन पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, विशेषतः गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. त्या काळात बहुतेकींना हेपरिनच्या इंजेक्शनवर न्यावे लागते. हे तिला पाळी चुकण्याआधी माहीत असायला हवे. आशाताईंकडे गावातल्या गरोदर बायांची यादी असते. गोळी घेणाऱ्या तरुण बायांची यादीही त्यांच्याकडे असावी.

झडपेच्या आजारावर शासन काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना झाली, आणि तिने हजारो कुटुंबांना कर्जातून वाचवले आहे. आवळलेली झडप फुग्याने उघडणे, झडप बदलणे यांचा खर्च त्यातून होतो; काही निवडक शस्त्रक्रियांनंतरचा पाठपुरावाही. पण ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. एएफचा मुख्य उपचार ओपीडीत, घरी आणि लॅबमध्ये होतो, आणि तो जन्मभर चालतो. झडपेवर मोठी रक्कम खर्च होते आणि त्यानंतरची एक छोटी रक्ततपासणी रुग्णाच्या नशिबावर सोडली जाते. लकवा झाला, की भरतीसाठी योजना पुन्हा उपलब्ध असतेच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावरही थोडे सांगायला हवे, कारण नागपुरात रुग्णाचे घर तिथेच विकले जाण्याची भीती असते.

वेग आवरणे तसे सोपे आहे. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉलसारख्या गोळ्या, डिल्टियाझेम, आणि इंग्लंडच्या विल्यम विदरिंगने १७८५ साली ज्या झाडाचे गुण लिहून ठेवले त्याच्या भाऊबंद झाडापासून आलेले डिगॉक्सिन. सगळी स्वस्त. नाडी अगदी ८० च्या आत हवी असा हट्ट पूर्वी असे. २०१० च्या डच चाचणीने दाखवले की विश्रांतीत ११० च्या आत राहिली तरी बहुतेकांचे भागते. बर्मिंगहॅमच्या २०२० च्या ‘रेट-एएफ’ चाचणीत कायमचा एएफ असलेल्या वयस्क रुग्णांना डिगॉक्सिनने बिसोप्रोलॉलइतकेच बरे वाटले आणि दुष्परिणाम कमी झाले. डिगॉक्सिन जुने म्हणून टाकाऊ नाही, मात्र किडनी अशक्त असेल तर त्याचा डोस जपून ठरवावा लागतो.

ठेका परत आणण्याचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. विजेचा झटका देऊन तो लगेच आणता येतो; बर्नार्ड लाउन यांनी १९६२ साली ही पद्धत रूढ केली. पण एएफ सुरू होऊन ४८ तासांहून जास्त वेळ गेला असेल, तर आधी तीन आठवडे रक्त पातळ ठेवावे लागते किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही याची खात्री करावी लागते, आणि नंतर निदान चार आठवडे गोळी. नाहीतर ठेका परत येताच गुठळी सुटते. उलट, ताज्या एएफमध्ये घाई नको असेही आढळले आहे : २०१९ च्या एका चाचणीत नुसते थांबून पाहिलेल्यांपैकी ६९ टक्क्यांचा ठेका ४८ तासांत आपोआप परत आला.

ठेका टिकवायला आपल्याकडे ॲमिओडॅरोन फार वापरतात. गुणकारी आहे, पण वजनाच्या एक-तृतीयांशाहून अधिक आयोडीनच असलेले हे औषध थायरॉइड बिघडवते, फुप्फुसे आणि यकृतावरही परिणाम करते. दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी न करता ते वर्षानुवर्षे चालू ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. थायरॉइडचा विषय निघालाच आहे तर हेही, की एएफ दिसला की टीएसएच तपासलेच पाहिजे. मे १९९१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश पळायला गेले असता त्यांना एएफ झाला. कारण निघाले थायरॉइडची अतिक्रिया.

ठेका टिकवण्याचा फायदा होतो का? ‘ॲफर्म’चे उत्तर ‘विशेष नाही’ असे होते. २०२० च्या युरोपीय ‘ईस्ट’ चाचणीने ते बदलले. २,७८९ रुग्ण, निदान होऊन वर्षही न झालेले. ज्यांचा ठेका लवकर सुधारायला घेतला त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, लकवा आणि हृदयाच्या आजारासाठी भरती होणे, सगळे मिळून वर्षाला शंभरामागे ३.९, इतरांत ५. इथे वेळेला महत्त्व आहे. एएफ जितका जुना, तितका ठेका टिकवणे अवघड. ऱ्हुमॅटिक रुग्णांसाठीही मुंबईच्या डॉ. व्होरा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली १४४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली होती. सरासरी वय चाळिशीच्या आत. ठेका टिकलेल्यांची चालण्याची, काम करण्याची ताकद वाढली, जगणे सुधारले. आपल्या मातीतला हा पुरावा वीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो मोठ्या प्रमाणावर पुढे न्यायला मेडिकल आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या संस्थांइतकी योग्य जागा दुसरी नाही.

आणि अ‍ॅब्लेशन. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल आयसागेर यांनी दाखवले, की फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी बहुतेक वेळा हा गोंधळ सुरू होतो. मांडीच्या शिरेतून तारा आत नेऊन त्या तोंडांभोवतीची ऊती जाळून किंवा गोठवून विजेचा रस्ता तोडायचा, ही पद्धत त्यातून आली. अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून विद्युत स्पंदने वापरणाऱ्या पद्धतीलाही मान्यता मिळाली आहे. येऊन-जाऊन असलेल्या एएफमध्ये हा उपचार औषधापेक्षा सरस आहे, यात आता वाद उरलेला नाही. ‘स्टॉप एएफ फर्स्ट’ चाचणीत वर्षभरानंतर गोठवण्याच्या उपचारानंतर ७४.६ टक्के रुग्णांत एएफ परतला नव्हता, औषधांवर ४५ टक्क्यांत. इंग्लंडमध्ये खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करून २०२४ साली हेही तपासले गेले, की बरे वाटणे नुसते मनाचे तर नाही ना; ते तसे नव्हते. ज्याचे हृदय अशक्त झाले आहे त्याला तर अ‍ॅब्लेशनचा जास्तच उपयोग होऊ शकतो.

पण या उपचाराच्या ‘कबाना’ नावाच्या सर्वांत मोठ्या चाचणीत, २,२०४ रुग्णांत, मृत्यू, लकवा, मोठा रक्तस्राव आणि हृदय बंद पडणे यांचा एकत्रित आकडा अ‍ॅब्लेशनने ठामपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. हृदयाभोवती रक्त साचणे, लकवा, क्वचित अन्ननलिकेला इजा, असे धोके आहेत. काहींना दुसऱ्यांदा करावे लागते. आणि ज्यांचा लकव्याचा धोका मुळात जास्त, त्यांची रक्त पातळ करायची गोळी अ‍ॅब्लेशननंतरही चालूच ठेवतात. आवळलेल्या झडपेच्या आणि फार मोठ्या झालेल्या वरच्या कप्प्याच्या रुग्णाला याचा लाभ कमी. खर्च लाखांत. विदर्भातल्या कुटुंबाने शेत विकून हा उपचार करताना, हे गोळी सोडण्याचे तिकीट आहे असे समजून केला, तर ती समजूत जिवावर बेतेल. रुग्णाला हे त्याच्या भाषेत, सही घेण्याआधी सांगणे बंधनकारक करावे.

सर्वांत स्वस्त उपचारावर कोणाचाच नफा नाही, म्हणून तो इथे नोंदवणे भाग आहे. ॲडलेडच्या २०१५ च्या ‘लेगसी’ अभ्यासात जाड रुग्णांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवले, तेव्हा एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट झाली. २०२० च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत नियमित दारू घेणाऱ्यांनी ती सोडल्यावर एएफ परतण्याचे प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आले. रक्तदाब, घोरणे, साखर यांचेही तेच.

आता मागण्या. तज्ज्ञांना त्या किरकोळ वाटतील, आणि तशाच त्या हव्यात.

पीटी-आयएनआर बोटाच्या टोकाच्या रक्तावर काही मिनिटांत दाखवणारी छोटी यंत्रे बाजारात आहेत. ती विदर्भातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात असावीत, आणि आठवड्याचा एक वार ठरलेला असावा, शक्यतो तिथल्या बाजाराचा, म्हणजे एका खेपेत दोन कामे होतील. आकडा हातात येताच वैद्यकीय अधिकाऱ्याने तिथल्या तिथे डोस ठरवून वहीत मराठीत, मेळघाटात कोरकूतही समजावून, लिहून द्यावा; अडले तर नागपूरच्या सुपरच्या हृदयरोग विभागाला फोन. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी स्वस्त जेनेरिक औषधांचे काम उभे करून दाखवले आहे. गोळ्यांच्या पुरवठ्यासाठी वेगळा शोध लावायची गरज नाही. खंड न पडण्याची हमी हवी.

तीस वर्षांवरच्यांची असंसर्गजन्य आजारांची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत होतेच : रक्तदाब, साखर, तीन कर्करोग. त्यात नाडीवर अर्धा मिनिट बोटे ठेवणे जोडावे. गुजरातच्या आणंद जिल्ह्यातल्या पन्नास गावांत चाळिशीवरच्या सुमारे दोन हजार लोकांची मोबाइलच्या साध्या उपकरणाने तपासणी झाली, तेव्हा १.६ टक्क्यांना एएफ सापडला. नाडी वेडीवाकडी लागली की ईसीजी, ईसीजीत एएफ दिसला की इको, म्हणजे झडप आवळलेली आहे की नाही हे कळेल आणि नवी गोळी की जुनी, हेही तिथेच ठरेल. ज्यांची झडप ठीक आहे त्यांच्यासाठी नव्या गोळ्या जिल्हा रुग्णालयात मोफत हव्यात. डॅबिगॅट्रॅन केंद्राच्या यादीत असताना त्याला हरकत असू नये. ॲस्पिरिनवर अडकलेले जुने एएफ रुग्ण याच फेरीत शोधता येतील.

शाळांतल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचा समावेश आहे. त्यातून सापडलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन न चुकता मिळाले, तर पुढच्या पिढीला या गोळीची गरजच कमी लागेल. त्या इंजेक्शनचा साठा संपणार नाही याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्यावर असावी.

नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातात. त्यात गडचिरोली आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांसाठी ही सोय घालता येईल. वर्षभराने सभागृहाला तीन आकडे सांगावेत : किती रुग्णांची नोंद झाली, त्यांतल्या कितींचा आयएनआर २ ते ३ मध्ये राहिला, आणि कितींना लकवा झाला. पुढच्या जिल्ह्यांचे ठरवायला तेवढे पुरेल.

कळावे,
एक नागपूरकर